मर्फीला बटाटे आवडतात, पण उरलेले ९८ टक्के गेले कुठे?

वायरलेस सेन्सर नेटवर्कवर संशोधन करायचं म्हटलं की सुरुवातीच्या वाचनाच्या यादीत एक पेपर बहुतेक वेळा असतोच. ‘मर्फी लव्ह्ज पोटॅटोज’, म्हणजे मर्फीला बटाटे आवडतात. साल २००६. लेखक कून लांगेनडून, अलिन बॅजिओ आणि ओटो विसर, नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तांत्रिक विद्यापीठातले. २००५ च्या उन्हाळ्यात बटाट्याच्या शेतात सुमारे १०० नोडचं नेटवर्क लावायचा प्रयत्न झाला, तो फसला, आणि कसा फसला हे त्यांनी छापलं. ‘जे बिघडू शकतं ते बिघडतंच’ असा जो नियम सांगतात, त्यातला हा मर्फी.

पेपर छोटा आहे, वाचायला सोपा आहे, आणि प्रामाणिक आहे. म्हणून तो सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो. पण तो ज्या पद्धतीने वाचला जातो आणि शिकवला जातो, त्याबद्दल माझी तक्रार आहे. बहुतेक विद्यार्थी तो वाचून एवढंच म्हणतात की प्रत्यक्ष शेतात नेटवर्क लावणं अवघड असतं, काही ना काही बिघडतंच, तेव्हा तयारीत राहा. हे वाचून कोणाच्याही कामात काहीही फरक पडत नाही. माझं म्हणणं असं आहे की या पेपरमधून घ्यायची मुख्य गोष्ट त्यात दिलेल्या चुकांच्या यादीत नाहीच. ती आहे लेखकांना जे सांगता आलं नाही त्यात.

आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे, कारण आज जवळपास प्रत्येक इंजिनीअरिंग कॉलेजात ‘स्मार्ट शेती’चा एखादा प्रकल्प चालू असतो. संशोधनाच्या प्रपोजलमध्येही हा विषय पुन्हा पुन्हा येतो. आणि शेतातल्या प्रयोगाची एक अडचण प्रयोगशाळेत नसते. हंगाम गेला की गेला. बटाट्याचं पीक तीन-चार महिन्यांचं. त्या काळात नेटवर्क चाललं नाही तर पुढच्या लागवडीपर्यंत थांबा. पीएचडीच्या चार-पाच वर्षांत असे हंगाम किती मिळणार?

प्रयोग काय होता

बटाट्यावर उशिरा येणारा करपा नावाचा रोग पडतो. फायटोफ्थोरा नावाचा सूक्ष्मजीव त्याला कारणीभूत असतो. पानांभोवतीची हवा दमट राहिली, पानं ओली राहिली, तापमान योग्य असलं, की तो झपाट्याने पसरतो. शेतकरी खबरदारी म्हणून वरचेवर फवारणी करतात. पिकाच्या आतलं तापमान आणि आर्द्रता शेतात ठिकठिकाणी मोजता आली, तर नक्की कधी आणि कुठे धोका आहे हे कळेल आणि फवारणी कमी करता येईल, ही मूळ कल्पना. कल्पना चांगली आहे, आजही आहे.

मोजायला सेन्सर, आणि मोजलेलं बाहेर आणायला रेडिओ. प्रत्येक नोड बॅटरीवर चालणारा. रेडिओचा पल्ला थोडा, त्यामुळे लांबच्या नोडचा डेटा शेजाऱ्याकडे, त्याच्या शेजाऱ्याकडे, असा उड्या मारत गेटवेपर्यंत पोहोचतो. यात दोन थरांची कामं लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक मॅक प्रोटोकॉल: रेडिओ कधी चालू ठेवायचा, कधी झोपवायचा आणि कोणी कधी बोलायचं हे तो ठरवतो. रेडिओ नुसता ऐकत बसला तरी जवळजवळ प्रक्षेपणाइतकीच वीज खातो, म्हणून झोप महत्त्वाची. दुसरं राउटिंग: आपलं पॅकेट कोणत्या शेजाऱ्याकडे द्यायचं हे ते ठरवतं. दोघांनाही ‘माझे शेजारी कोण’ याचा तक्ता मेमरीत ठेवावा लागतो, आणि या नोडमध्ये मेमरी अगदी मोजकी, काही किलोबाइट.

काय काय बिघडलं

पेपरमध्ये सांगितलेल्या मुख्य गोष्टी अशा. शेतात जायच्या आधी सोर्स कोडच्या भांडारात मॅक प्रोटोकॉलची अर्धवट बदललेली आवृत्ती चुकून जमा झाली आणि तीच नोडमध्ये भरली गेली. रेडिओवरूनच सगळ्या नोडना नवा प्रोग्रॅम पोहोचवणारी ‘डेल्यूज’ नावाची यंत्रणा होती. ती प्रोग्रॅम वाटतच राहिली, नेटवर्क तुंबलं आणि चार दिवसांत बॅटऱ्या संपल्या. नोड दाट लावले होते, काहींना ३० पर्यंत शेजारी होते. ते मॅकच्या आणि राउटिंगच्या ठरावीक आकाराच्या तक्त्यांत मावले नाहीत. प्रोग्रॅम अडकला तर नोड आपोआप पुन्हा सुरू व्हावा म्हणून वॉचडॉग टायमर लावला होता. बहुतेक नोड दर दोन ते सहा तासांनी रीबूट होत राहिले. प्रत्येक रीबूटनंतर शेजाऱ्यांच्या तक्त्यांतून त्या नोडची नोंद जायची आणि रस्ते पुन्हा बांधावे लागायचे. हे कमी म्हणून की काय, नोडच्या फ्लॅश मेमरीत डेटाची प्रत ठेवायची सोय केली होती, तीही एका छोट्या बगमुळे वाया गेली.

नेटवर्क तीनेक आठवडे चाललं. अपेक्षित डेटापैकी हाती लागला सुमारे २ टक्के.

हे छापायला हिंमत लागते. आपल्या क्षेत्रात पेपर म्हणजे सिम्युलेशनचे आलेख, त्यात आपला प्रोटोकॉल बाकी तिघांपेक्षा वर. ज्यात काही सिद्ध झालं नाही असं लिहून पाठवणारे लोक थोडे. आणि हे लेखक इथे नवखे नाहीत. टी-मॅक या गाजलेल्या मॅक प्रोटोकॉलच्या कर्त्यांपैकी एक स्वतः लांगेनडून आहेत. आपण बनवलेली गोष्ट शेतात कशी पडली हे त्यांनी सांगितलं, नावानिशी, तपशिलासह. या पेपरनंतर फसलेल्या प्रयोगांबद्दल उघडपणे लिहिणं थोडं सोपं झालं असं मला वाटतं. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. आता तक्रारीकडे येऊ.

पहिली तक्रार: मर्फी हे कारण नव्हे

शीर्षक मजेशीर आहे, म्हणूनच ते लक्षात राहतं. पण त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात नशिबाचा भाग शिरतो. एकामागून एक संकटं आली, बिचारे काय करणार! मात्र वरची यादी पुन्हा बघा. त्यात वीज पडली, पूर आला, गाईने अँटेना खाल्ला असं काहीच नाही. प्रत्येक बिघाडाला साधं, शोधता येण्याजोगं कारण आहे.

शेजाऱ्यांच्या तक्त्याचंच घ्या. मोठ्या प्रयोगाआधी दहाएक नोडचा छोटा प्रयोग आखलेला होता. ही पद्धत आपण सगळेच वापरतो: आधी छोटं करून बघू, चाललं तर मोठं करू. पण समजा तक्त्यात १६ जागा आहेत. १० नोडच्या प्रयोगात कोणालाही ९ पेक्षा जास्त शेजारी असूच शकत नाहीत. म्हणजे तक्ता भरणार नाही. तो भरल्यावर काय होतं हे सांगणारा कोडचा भाग एकदाही चालणार नाही. छोटा प्रयोग महिनाभर चालवा नाहीतर वर्षभर, हा दोष त्यात दिसणं गणिताने अशक्य आहे. (१६ हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे. दहापेक्षा मोठा कोणताही घ्या, युक्तिवाद तोच.)

तक्ता भरला की पुढे काय होतं तेही बघू. राउटिंगचा तक्ता वेगळा, मॅकचा वेगळा, दोघांचे निकष वेगळे. राउटिंगने पुढचा टप्पा म्हणून ज्या शेजाऱ्याला निवडलं, नेमका तोच मॅकच्या तक्त्यात नसेल, तर पॅकेट जाणार कसं? दोन्ही थर आपापल्या जागी बरोबर, आणि एकत्र आले की नेटवर्क मुकं. हा दोष सापडायला शेताची गरज नव्हती. टेबलावर ३० नोड शेजारी शेजारी ठेवले असते तरी तो दिसला असता. उलट ते जास्त सोपं, कारण टेबलावर सगळेच सगळ्यांचे शेजारी.

तेव्हा ‘छोट्या प्रमाणावर करून बघा’ हा सल्ला अर्धाच आहे. पूर्ण सल्ला असा: तुमच्या कोडमध्ये जिथे जिथे ठरावीक आकार आहे, म्हणजे तक्ता, रांग, बफर, काउंटर, त्या प्रत्येकाची मर्यादा ओलांडेल असा प्रयोग आधी करा. नोडची संख्या वाढवता येत नसेल तर तक्ता मुद्दाम ४ जागांचा करा. मर्फीचं नाव घेतलं की हा विचार करायची गरजच उरत नाही. माझी पहिली तक्रार ती हीच.

दुसरी तक्रार: २ टक्क्यांचा हिशोब लागत नाही

ही तक्रार जास्त गंभीर आहे. पेपर वाचून संपला की स्वतःला एक प्रश्न विचारा. ९८ टक्के डेटा गेला, त्यातला किती रीबूटमुळे गेला, किती तक्त्यांमुळे, किती तुंबल्यामुळे, किती बॅटऱ्या संपल्यामुळे आणि किती बटाट्याच्या पाल्याने रेडिओ अडवल्यामुळे? पेपर याचं उत्तर देत नाही. ते देता येईल अशी नोंदच हाती नव्हती, म्हणून देऊ शकत नाही.

हे नीट समजावं म्हणून थोडं गणित करू. आकडे माझे आहेत, प्रयोगातले नाहीत. समजा एक नोड गेटवेपासून पाच उड्या लांब आहे आणि प्रत्येक उडीत पॅकेट पोहोचायची शक्यता ९० टक्के आहे. पाच उड्यांनंतर ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ५९ टक्के. प्रत्येक उडी ७० टक्क्यांची असेल तर उरतात जेमतेम १७ टक्के. आणि ४६ टक्क्यांची असेल तर सुमारे २ टक्के! म्हणजे नोड सगळे धडधाकट, रीबूट नाही, बॅटरी भरलेली, फक्त प्रत्येक दुवा निम्म्याहून थोडा वाईट, तरी गेटवेवर २ टक्केच दिसतील.

आता उलटं बघा. सगळे दुवे १०० टक्के उत्तम, पण नोड वेळेच्या फक्त २ टक्केच धड चालू. गेटवेवर तेच २ टक्के. किंवा मधलं काही: नोड २० टक्के वेळ चालू, आणि चालू असताना १० टक्के पॅकेट पोहोचतात. पुन्हा २ टक्केच.

तीन वेगळे आजार, लक्षण एकच. पहिल्या आजाराला अँटेना उंच करा, नोड जवळ आणा. दुसऱ्याला प्रोग्रॅम दुरुस्त करा. तिसऱ्याला दोन्ही करा. गेटवेवर बसून फक्त आलेली पॅकेट मोजणाऱ्या माणसाला यातलं काय करायचं ते कळणार नाही. वायरलेस नेटवर्कमधला दोष शोधताना खरी अडचण हीच असते. समोर येते ती फक्त शांतता. नोड मेला, अडकला, त्याला रस्ता सापडला नाही, पॅकेट एकमेकांवर आदळली, मधल्या नोडची रांग भरली, गेटवे बंद पडला किंवा गेटवेवरची फाइल भरली, सगळ्यांचा आवाज सारखाच.

लेखकांनी दिलेली कारणं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. ती सगळी खरी असतील. पण ‘हा दोष कोडमध्ये होता’ आणि ‘या दोषामुळे इतका डेटा गेला’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पेपर पहिलं विधान पटवून देतो, आणि वाचणारा नकळत दुसरंही मान्य करतो. रीबूटच्या बाबतीत तर हे पेपरमध्येच दिसतं. प्रोग्रॅम खरोखर अडकत होता म्हणून वॉचडॉग चालला, की वॉचडॉगलाच वेळेवर इशारा मिळत नव्हता म्हणून तो धडधाकट प्रोग्रॅम पाडत होता, हे नक्की सांगता येत नाही. या दोन शक्यतांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

वॉचडॉगचा हा एक गुण-दोष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तो नोडला पुन्हा उभा करतो, आणि उभा करताना पुरावा पुसून टाकतो. खरंतर हा पुरावा ठेवायला फार काही लागत नाही. त्या काळातल्या पुष्कळ नोडमध्ये एटीमेगा १२८ हा प्रोसेसर असायचा. त्यात शेवटचा रिसेट कशामुळे झाला, वीज आली म्हणून, व्होल्टेज पडलं म्हणून की वॉचडॉगमुळे, हे सांगणारे बिट एका रजिस्टरमध्ये असतात. प्रोग्रॅम सुरू होताच ते वाचायचे, न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत लिहायचे आणि मग पुढे जायचं. आजच्या बहुतेक मायक्रोकंट्रोलरमध्येही अशी सोय असते. एवढ्याने बॅटरीचा दोष आणि प्रोग्रॅमचा दोष वेगळे ओळखता येतात.

स्वतंत्र साक्षीदार

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. या प्रयोगात नेटवर्कच्या प्रकृतीची बातमी आणायचं काम नेटवर्कवरच सोपवलं होतं. आजारी माणूस फोन उचलत नाही म्हणून त्याची तब्येत विचारायला त्यालाच फोन करत राहायचं, तसं. दुसरा रस्ता होता तो फ्लॅश मेमरीचा. तो बंद पडला आणि त्याबरोबर निदानाची शक्यताही गेली. त्यामुळे माझ्या मते पेपरमधली सगळ्यात महागडी चूक तो फ्लॅशचा छोटा बग आहे. यादीत तो शेवटी, ओझरता येतो.

याच सुमाराचा दुसरा पेपर शेजारी ठेवून वाचा, फरक लगेच दिसेल. २००५ मध्येच इक्वेडोरच्या रेव्हेंटाडोर या जागृत ज्वालामुखीवर जेफ वर्नर-ॲलन, मॅट वेल्श आणि सहकाऱ्यांनी १६ नोडचं नेटवर्क लावलं. १९ दिवस, सेकंदाला १०० नमुने, कंपनं आणि आवाज. नेटवर्कने भूकंप, उद्रेक आणि इतर मिळून २२९ घटना नोंदवल्या. त्यांचा पेपरही २००६ चाच. तिथेही सगळं सुरळीत नव्हतं. डेल्यूजने त्यांनाही रडवलं, तीन दिवस नेटवर्क बंद होतं. घड्याळं जुळवणारा प्रोटोकॉल मधेच चुकत होता.

पण त्यांनी नेटवर्ककडे मोजायचं यंत्र म्हणून पाहिलं आणि दोन प्रश्न वेगळे ठेवले: किती डेटा मिळाला, आणि मिळालेला डेटा किती खरा? उत्तर शोधायला त्यांच्याकडे नेटवर्कशी संबंध नसलेला एक वेगळा डेटा लॉगर होता. तीच कंपनं तोही नोंदवत होता. नेटवर्कने सांगितलेली वेळ चुकली आहे, किती चुकली आहे, ती नंतर दुरुस्त केली तर बरोबर येते का, हे त्यांना पडताळता आलं. नापास झालेल्या भागाचेही गुण त्यांना देता आले. म्हणून तो पेपर वाचल्यावर आपल्याला काहीतरी मोजलेलं कळतं, आणि बटाट्याचा पेपर वाचल्यावर काय घडलं याची गोष्ट कळते.

तुलना पूर्ण न्याय्य नाही हे मान्य. १६ नोड आणि १०० नोड यांत फरक आहे. ज्वालामुखीवाल्यांनी २००४ मध्ये तुंगुराव्हा ज्वालामुखीवर छोटा प्रयोग आधीच केला होता. पण स्वतंत्र लॉगर ठेवायचा निर्णय नोडच्या संख्येवर अवलंबून नव्हता.

बटाट्याच्या शेतातूनच याला दुजोरा मिळतो. लांगेनडून यांनी थेलेन आणि हून्सं या संशोधकांबरोबर २००५ मध्ये बटाट्याच्या शेतात रेडिओ लहरी कशा पसरतात याचा वेगळा अभ्यास छापला. त्यात एक अनपेक्षित गोष्ट निघाली: हवा दमट असताना, म्हणजे रात्री आणि पावसात, सिग्नल अधिक चांगला पोहोचतो. पाण्याने लहरी अडतील असंच आपण गृहीत धरतो. इथे उलट दिसलं, आणि ते ठामपणे सांगता आलं, कारण तो प्रश्न सुटा करून मोजला होता. मॅक, राउटिंग, वॉचडॉग या सगळ्यांच्या गोंधळात हेच मोजायला गेले असते तर रात्री पॅकेट वाढल्याचं कारण कोणालाही लावता आलं नसतं.

पुढे २००७ मध्ये झुरिकच्या ईटीएचमधल्या रिंगवाल्ड आणि ऱ्योमर यांनी अशा फसलेल्या प्रयोगांचा आढावा घेतला आणि एक उपाय मांडला: मुख्य नेटवर्कच्या बाजूला काही जास्तीचे नोड ठेवायचे, ते फक्त कान देऊन ऐकतील आणि ऐकलेलं वेगळ्या रेडिओवरून पाठवतील. मुख्य नोडच्या प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. ‘नोड बोलतोय पण गेटवेपर्यंत पोहोचत नाही’ आणि ‘नोड बोलतच नाही’ हा फरक त्यातून लगेच कळतो.

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर २००८ चा ‘बियाँड पायलट्स’ हा पेपर वाचा. तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयापासून खेड्यातल्या तपासणी केंद्रांपर्यंत लांब पल्ल्याचं वायफाय, आणि धरमशाळेतलं एअरजाल्दी हे नेटवर्क, अशी दोन नेटवर्क वर्षानुवर्षं चालू ठेवताना काय शिकायला मिळालं ते सोनेश सुराणा आणि सहकाऱ्यांनी लिहिलं आहे. दुवा बंद पडला की लोक रेडिओवर संशय घेतात. त्यांच्या अनुभवात मोठा गुन्हेगार निघाला वीजपुरवठा. व्होल्टेजचे झटके, खोलवर संपलेल्या बॅटऱ्या, अर्धवट विजेवर अडकलेले राउटर. आणि त्यांनीही जे उपाय केले त्यात मुख्य दुवा बंद असताना दुसऱ्या वाटेने राउटरपर्यंत पोहोचायची सोय होती. सेन्सरचे नोड नाहीत, शेत नाही, तरी निष्कर्ष त्याच दिशेचा.

‘एवढा खर्च कोण करणार?’

यावर ठरलेला आक्षेप असा की वेगळा लॉगर, वेगळे ऐकणारे नोड ही चैन आहे, विद्यार्थ्याच्या प्रकल्पात पैसे कुठून आणायचे? आक्षेप खरा आहे, पण पूर्ण नाही. स्वस्तातही बरंच करता येतं.

प्रत्येक पॅकेटमध्ये मोजमापाबरोबर आठ-दहा बाइट जास्तीचे पाठवा: पॅकेटचा क्रमांक, आतापर्यंत किती रीबूट झाले तो आकडा, शेवटच्या रिसेटचं कारण, बॅटरीचं व्होल्टेज, आणि पुढचा टप्पा म्हणून निवडलेल्या शेजाऱ्याचा क्रमांक. रीबूटचा आकडा न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत ठेवा. आता गेटवेवर बसून वाचा. क्रमांकांत खंड आहे पण रीबूटचा आकडा तोच आहे, तर पॅकेट वाटेत हरवलं. रीबूटचा आकडा वाढला, तर दोष नोडमध्ये, आणि कारणाचे बिट सांगतील कसला. व्होल्टेज उतरत उतरत शांत झाला, तर बॅटरी. शेजारी सारखा बदलतोय, तर राउटिंग डळमळीत आहे. वरच्या तीन आजारांपैकी कोणता, हे यातून बऱ्याच अंशी ओळखता येतं.

हे आकडेही त्याच रेडिओवरून येतात, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. तेच नोडच्या फ्लॅशमध्ये किंवा मेमरी कार्डावर लिहा. आणि ते परत वाचता येतं का, हे शेतात जायच्या आधी बघा. शेतात गेल्यावर दुसऱ्या दिवशी दोन-तीन नोड उचलून आणून पुन्हा बघा. डेल्फ्टच्या प्रयोगात असं दुसऱ्या दिवशी पाहिलं गेलं असतं तर तो छोटा बग सापडला असता का? माझ्या अंदाजाने हो. नेटवर्क तरीही कदाचित फसलंच असतं. पण तीन आठवड्यांचा डेटा नोडच्या पोटात राहिला असता, करप्याचा अभ्यास करणाऱ्यांना आकडे मिळाले असते आणि ९८ टक्क्यांचा हिशोबही लागला असता.

दूरून प्रोग्रॅम बदलायच्या यंत्रणेबद्दलही एक निरीक्षण. बटाट्याचं शेत आणि ज्वालामुखी, दोन्हीकडे घात डेल्यूजच्या वाटेने झाला. यातून ‘डेल्यूज वाईट’ एवढाच अर्थ काढू नका. दोष दुरुस्त करायला ठेवलेली यंत्रणा सगळ्या नोडवर एकाच वेळी पोहोचते, म्हणून तिच्यातला दोषही सगळीकडे एकाच वेळी पोहोचतो. बाकीचे दोष एखाद-दुसरा नोड पाडतात. म्हणून तिची चाचणी बाकी सगळ्यांहून कडक हवी, आणि ती पूर्ण बंद करायची सोय हातात हवी.

मग हा पेपर वाचायचा कसा?

वाचायचाच. पण चुकांची यादी म्हणून पाठ करू नका, कारण तुमच्या चुका वेगळ्या असणार. प्रत्येक बिघाडापाशी थांबा आणि दोन गोष्टी समासात लिहा: हे लेखकांना कशावरून कळलं? आणि या एका कारणाने किती नुकसान झालं हे मोजलं आहे की अंदाज आहे? पेपर संपल्यावर समास बघा. ‘मोजलं आहे’ अशा नोंदी फार थोड्या असतील. नंतर रेव्हेंटाडोरचा पेपर घ्या आणि तेच करा.

मग स्वतःचं प्रपोजल काढा. त्यात नेटवर्क चालल्यावर काय मिळेल यावर पानंच्या पानं असतात. गेटवेवर निम्माच डेटा आला तर तो कुठे गेला हे तुम्ही कसं ओळखणार, यावर एक परिच्छेद आहे का ते बघा. मुलाखतीत गाइड किंवा समितीतलं कोणी हा प्रश्न विचारेलच असं नाही. पण नसेल तर तो परिच्छेद लिहा, आणि त्यात कोणत्या नोंदी ठेवणार, कुठे ठेवणार आणि पहिल्या आठवड्यात त्या कोण तपासणार, हे नेमकं लिहा. बियाणं जमिनीत जायच्या आधी हे लिहून झालेलं असलं पाहिजे.